जुन्या मोटारीची नवी धाव

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढविणे हे आपल्या खेड्यांत मोठ्या कौशल्याचे काम मानले जाई. चाकाच्या परिघाहून किंचित लहान केलेली धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवावयाची, ती प्रसरण पावली की चाकावर बसवावयाची आणि लगेच वर पाणी ओतावयाचे. निवताना ती आवळली जाई आणि आरे व तुंबा यांना एकजीव करी. मोटारीच्या चाकावर टायर चढविणे हे याच कामाचे पुढील रूप होय. मात्र येथील पकड आवळण्यातून येत नाही. आतील हवेचा दाब टायरच्या कडा रिमच्या ओठांवर घट्ट दाबून धरतो, आणि म्हणूनच येथील कारागिराला जाळाऐवजी हवेशी व्यवहार करावा लागतो.

दिल्लीत १९६४ पासून जुन्या मोटारींची मिरवणूक भरत आली आहे. त्या शहरात आणि गाझियाबादसारख्या त्याच्या शेजारच्या नगरांत अशा मोटारी हौसेने जतन केल्या जातात. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची स्वतंत्र नोंदणी होते. मूळ स्वरूप राखण्याची ही अट योग्यच आहे. इंजिन, सांगाडा, आसने, दिवे यांचे मोल त्यांच्या जुनेपणातच असते. परंतु टायर हा असा एक भाग आहे की, ज्याचा जुनेपणा हा अलंकार नसून दोष आहे.

याचे कारण रबराच्या स्वभावात आहे. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर हळूहळू ताठर होते व त्याला बारीक चिरा पडतात. गाझियाबादचा उन्हाळा या कामी मुळीच कसर ठेवीत नाही. रोज धावणाऱ्या मोटारीचा टायर झिजून निकामी होतो आणि त्याची झीज डोळ्यांना दिसते. वर्षातून चारदा बाहेर पडणाऱ्या मोटारीचा टायर मात्र झिजण्यापूर्वीच म्हातारा होतो. त्याची नक्षी खोल व कोरीव दिसते, मालक निश्चिंत राहतो, आणि एखाद्या दुपारी तापलेल्या महामार्गावर तो फुटतो. म्हणून टायरचे वय नक्षीवरून ठरवू नये. २००० सालापासूनच्या टायरांच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. दहा वर्षांनंतर टायर कितीही चांगला दिसला तरी बदलावा, असा अनेक उत्पादकांचा सल्ला आहे.

नवा टायर निवडताना मापाइतकीच त्याची बांधणीही पाहावी लागते. अँबॅसडर मोटारीचे मूळ माप ५.९०–१५ असे होते. म्हणजे रुंदी ५.९ इंच आणि रिमचा व्यास १५ इंच. हे टायर तिरप्या धाग्यांच्या थरांचे असत. आडव्या, त्रिज्येच्या दिशेने जाणाऱ्या धाग्यांचा रेडियल टायर मिशेलिन कंपनीने १९४६ साली पेटंट करून घेतला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. या दोन जातींचे टायर वळणावर निरनिराळ्या रीतीने वागतात. त्यामुळे एकाच आसावर एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरा, असे कधीही बसवू नयेत.

प्रत्यक्ष काम रिमपासून सुरू होते. रिमवरील गंज तारेच्या ब्रशाने काढून ते रंगवावे. तारांचे आरे असतील तर आऱ्यांची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमच्या खोबणीत रबरी पट्टी बसवावी. नव्या टायरला ट्यूबही नवीच घालावी, कारण जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते व तिला आत घड्या पडतात. ट्यूबवर संगजिऱ्याची पूड चोळली की ती आत सहज सरकते. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस रबराचा नाश करते. हवा भरून कडा दोन्ही बाजूंनी सारख्या बसल्या की ती पुन्हा सोडून द्यावी आणि मग नव्याने भरावी. या दुहेरी भरण्याने ट्यूब सैल होऊन आपल्या जागी नीट बसते. घाईत ही पायरी गाळली तर घडी पडलेल्या जागीच ट्यूब पुढे फाटते.

यानंतरचे काम समतोलाचे. कोणतेही चाक सर्व बाजूंनी अगदी सारख्या वजनाचे नसते. १५ इंची रिमच्या कडेला एका बाजूस अवघे ३० ग्रॅम वजन जास्त आहे असे समजा. ताशी ८० किलोमीटर वेगाने ते चाक सेकंदाला सुमारे अकरा फेरे घेते, आणि त्या ३० ग्रॅमचा बाहेर ओढणारा जोर जवळजवळ तीन किलो वजनाइतका होतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला तो याच्या एक चतुर्थांश असतो. म्हणूनच गल्लीबोळांत शांत असलेली मोटार दिल्ली–मीरत द्रुतगती मार्गावर येताच तिचे सुकाणू हातात थरथरू लागते.

समतोल पाहण्याची जुनी रीत सोपी आहे. मोकळ्या फिरणाऱ्या आसावर चाक सोडून दिले की जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या बरोबर समोर शिशाचा लहान तुकडा लावावयाचा. परंतु चाकाच्या आतल्या व बाहेरच्या कडेतील असमतोल या रीतीने कळत नाही; त्यासाठी चाक यंत्रावर फिरवावे लागते. येथे एक अडचण उद्भवते. आजची यंत्रे चाकाच्या मधल्या भोकावरून त्याचा मध्य धरतात, तर कित्येक जुन्या चाकांचा खरा मध्य बोल्टांच्या वर्तुळावर किंवा दातेरी तुंब्यावर ठरतो. योग्य जोडभाग नसेल तर यंत्र चुकीच्या मध्याभोवती अचूक हिशेब करते. तसेच चाकच वाकडे असेल तर आधी ते सरळ करावे. वाकडेपणा शिशाने भरून निघत नाही.

सबंध मोटारीचा भार चार तळव्यांएवढ्या जागेवर तोललेला असतो. जिने अर्धशतक पाहिले ती मोटार जपावयाची असेल, तर तिच्या रंगरूपाइतकीच, किंबहुना अधिक काळजी या चार जागांची घेतली पाहिजे. कारण तिच्यात बसणारी माणसे त्यांवर विसंबून असतात.