आजार बदलले, औषध एकच : मीरा-भाईंदरच्या लॅपटॉपची वीस वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि जुना लॅपटॉप ठेवायचा की मोडीत काढायचा, हा प्रश्न घरोघरी आला. त्याआधीचा प्रश्न मात्र वीस-बावीस वर्षं जुना आहे. मशीन मध्येच बंद पडतं ते हार्डवेअरमुळे की सॉफ्टवेअरमुळे? मीरा रोड असो की भाईंदर, दुकानाच्या काउंटरवर त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळत आलं : "फॉरमॅट मारून देतो." हे उत्तर मुळात चुकीचं नव्हतं. एके काळी ते बरोबरच होतं. पुढे आजार बदलत गेले, औषध तेवढं तेच राहिलं.

२८ फेब्रुवारी २००२ रोजी इथल्या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. विंडोज एक्सपी त्याआधी चारच महिने बाजारात आलं होतं. शांतीनगर, नया नगर, पूनम सागरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा संगणक म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा डबा. लॅपटॉप असलाच तर ऑफिसने दिलेला. सुटा भाग हवा असेल तर लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. त्या काळात मशीन कोसळलं की संशय सॉफ्टवेअरवर घेणं शहाणपणाचंच होतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली लिहिलं की एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात. त्यात आपल्याकडे भर होती चोरीच्या सीडींची आणि पेन ड्राइव्हवरून घरोघर फिरणाऱ्या व्हायरसची. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं की मशीन खरंच धावायचं. फॉरमॅटवरचा विश्वास बसला तो तिथे.

एक्सपीची एक खोड मात्र निदानाच्या मुळावर आली. बिघाड झाला की ते आपणहून रीस्टार्ट व्हायचं. निळा स्क्रीन क्षणभर चमकायचा आणि त्यावरचा कोड वाचायच्या आत नाहीसा व्हायचा. 'माय कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढली की तो स्क्रीन थांबायचा आणि कोड उतरवून घेता यायचा. एवढी एक खूण काढायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मीरा रोड-भाईंदरचे सखल भागही पाण्यात गेले. बुडालेल्या मशीनचं निदान करायची गरज नव्हती. फसवी निघतात ती भिजून वाळलेली मशीन. पाणी उडून जातं, त्यातले क्षार बोर्डावर राहतात आणि तांब्याच्या बारीक वाटा सावकाश खात बसतात. काही महिन्यांनी मशीन कारण नसताना अडखळू लागतं आणि तोवर पाण्याची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

पूर न येताही इथली हवा तेच काम हळूहळू करते. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. पावसाळ्यात पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळाच, अशी तक्रार आली की मुरलेला कारागीर आधी रॅम काढतो. पट्टीच्या कडेला सोनेरी पाय असतात. त्यांच्यावर धरलेला पापुद्रा शाळेच्या खोडरबराने पुसायचा, कण झटकायचे, पट्टी पुन्हा खट्‌कन बसवायची. लॅपटॉप चालू. हा उपाय खरा आहे, फक्त दर पावसाळ्यात रबर घासलं तर वरचा सोन्याचा मुलामाही जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा.

पुढचं पर्व उष्णतेचं. १ जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले आणि जगभरच्या कारखान्यांनी शिसेविरहित डाग (सोल्डर) वापरायला घेतला. तो जास्त कडक आणि तापणं-निवणं कमी सोसणारा. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही ग्राफिक्स चिप्स नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत असल्याचं जाहीर केलं आणि भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप आणि तिची बैठक यांच्यातलं साहित्य कमजोर निघालं होतं. लक्षणं मात्र थेट सॉफ्टवेअरची : स्क्रीनवर रेघा, ड्रायव्हर बंद पडल्याचा संदेश, मशीन गोठणं. फॉरमॅट मारला की थंड लॅपटॉप तासभर नीट चालायचा, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जायचं, आणि रात्री पुन्हा तेच.

याच सुमारास 'चिप लेव्हल रिपेअरिंग'च्या पाट्या दिसू लागल्या. हॉट गनने चिप तापवली की तडकलेले जोड तात्पुरते टेकायचे. काही आठवडे निघायचे, कधी काही महिने. या पर्वाने एक कसोटी शिकवली. थंड असताना चालतं आणि तापल्यावर कोसळतं, तर संशय हार्डवेअरवर. एकच प्रोग्राम उघडला की दर वेळी कोसळतं, तर सॉफ्टवेअरवर.

पुरावा सापडण्याची सोयही तेव्हाच झाली होती. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये रॅमची चाचणी आणि रिलायबिलिटी मॉनिटर आहे. या मॉनिटरच्या रोजच्या रकान्यात बिघाडाच्या लाल फुल्या दिसतात. पहिली फुली कोणत्या दिवशी पडली आणि त्या दिवशी काय नवं टाकलं होतं, हे शेजारीशेजारी वाचता येतं. इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दाखवून अनेकांच्या गळ्यात नवा अडॅप्टर मारला जातो. ती नोंद एवढंच म्हणते की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कशामुळे, ते ती सांगत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली दहा लाख ग्राहकी संगणकांच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभर पटींपर्यंत वाढते, असं त्यांना आढळलं. म्हणजे असा पहिला धक्का ही सूचना असते. आपल्याकडे तिला उत्तर मिळालं फॉरमॅटचं, आणि हार्ड डिस्क मरायला टेकलेली असताना ते उत्तर सर्वांत महाग पडतं. झाकण मिटूनही आतून चालूच राहिलेला लॅपटॉप बॅगेत टाकून विरार लोकलच्या रेटारेटीतून नेला की आतली फिरती डिस्क तापते आणि धक्केही खाते. अशा डिस्कवर फॉरमॅट मारला तर खराब सेक्टर बरे होत नाहीत, घरचे फोटो मात्र जातात. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखानदाराच्या बाबतीत जातो तो टॅलीतला वर्षाचा हिशेब.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडचं नाव वेगळ्याच कारणाने जगभर झालं. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं सांगून तिथल्या लोकांना लुबाडणाऱ्या कॉल सेंटरवर ठाणे पोलिसांनी छापे घातले. याच धंद्याचा चुलतभाऊ म्हणजे 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असं बजावणारा खोटा निळा स्क्रीन. त्याचं निदान सोपं आहे : खऱ्या निळ्या स्क्रीनवर मदतीचा फोन नंबर कधीच नसतो.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि ऑफिस दोन्ही घरात आली आणि नवे लॅपटॉप मिळेनासे झाल्यावर रिफर्बिश्ड मशीनचा बाजार फुगला. ती घेताना कोणत्या मशीनचं काय दुरुस्त झालंय हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता.

२०२४ या एका वर्षाने दोन टोकं दाखवली. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले ८५ लाख विंडोज संगणक निळे झाले. मुंबई विमानतळावरही काही विमान कंपन्यांना चेक-इन हाताने करावं लागलं. हार्डवेअर सगळीकडे धडधाकट होतं. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे झिजत असल्याचं स्पष्ट झालं. गेम खेळणाऱ्यांना संदेश दिसायचा 'व्हिडिओ मेमरी संपली' असा आणि दोष असायचा प्रोसेसरचा. उपाय म्हणून इंटेलने दिला मायक्रोकोड, म्हणजे सॉफ्टवेअर. झिजलेली चिप मात्र बदलावीच लागत होती. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली.

या वीस वर्षांचा निकाल असा : फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, त्याला तपासणीची जागा देऊ नये. आधी डेटाची प्रत बाहेर काढा. मग रिलायबिलिटी मॉनिटर उघडून पहिल्या लाल फुलीची तारीख बघा. डिस्कचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन मिनिटांत दिसतं. रॅमची चाचणी रात्रभर लावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून दोन-तीन तास वापरा. तिथेही मशीन कोसळलं तर विंडोज जवळजवळ निर्दोष आहे आणि फॉरमॅटचे पैसे वाया जाणार आहेत. तिथे नीट चाललं तर संशय विंडोजवर किंवा डिस्कवर राहतो. दुकानात गेलात तर यातलं काय काय तपासलं आणि काय निघालं, हे बिलावर लिहून मागा. ते लिहून मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका.