परळीकरांची बसायची जागा: वैजनाथाचा मंडप

परळीत गाव कुठे जमतं? वैजनाथाच्या देवळात! ज्योतिर्लिंग म्हणून देशभरातून भाविक येतात, पण गावकऱ्यांचं उठणं-बसणंही इथलंच. छोट्या टेकडीवरचं दगडी देऊळ, वर चढायला ऐसपैस पायऱ्या. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला.

मला सगळ्यात आवडतो तो सागवानी सभामंडप. शिवाच्या बऱ्याच देवळांत गाभारा दोन-चार पायऱ्या खाली असतो. इथे मंडप आणि गाभारा एकाच पातळीत, त्यामुळे मंडपात बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही थेट लिंग दिसतं. बांधणाऱ्याचं खरंच कौतुक वाटतं! शिवाय लिंगाला हात लावून दर्शन घ्यायची इथली रीत.

हरी आणि हर यांच्या भेटीचं ठिकाण म्हणूनही परळीचा मान आहे, हरिहर तीर्थाचं पाणी पूजेला लागतं. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तर अख्ख्या पंचक्रोशीचा माणूस इथे भेटतो.

तुम्ही आलात तर दर्शन झालं की लगेच स्टँड गाठू नका. मंडपात घटकाभर बसा, शेजारच्या आजोबांना रामराम घाला. परळी कळेल.