क्रॉसमॅचच्या टेबलावरचा दिवस

सकाळी 8

रात्रपाळीच्या सहकाऱ्याकडून चार्ज घेताना मी आधी शीतपेट्यांची तापमानं वाचते. लाल पेशींच्या पिशव्या 2 ते 6 अंशांवर, प्लाझ्मा उणे 30च्या खाली, प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर आणि सतत हलत्या रॅकवर. प्लेटलेटचं आयुष्य 5 दिवसांचं, लाल पेशींचं 35 ते 42 दिवसांचं. कोल्हापुरात रक्तपेढीत काम करणाऱ्याला साठ्याची चिंता जरा जास्तच असते. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीचे रुग्ण इथं येतात, घाट चढून सिंधुदुर्गातले येतात, निपाणी-चिकोडीचेही येतात. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि 2021च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तेव्हा शीतपेटीत जे होतं त्यावरच भागवायची वेळ आली. तेव्हापासून पावसाळा जवळ आला की तालीम मंडळांना शिबिरासाठी फोन करायला आम्ही उशीर करत नाही.

सकाळी 9

कालच्या शिबिरातल्या नमुन्यांचे गट ठरवायचे. शिवाजी पेठेतली पोरं, बहुतेक पहिल्यांदाच रक्त दिलेली.

प्रत्येक नमुना दोन बाजूंनी तपासतो. आधी दात्याच्या पेशी घ्यायच्या आणि त्यांवर ठाऊक असलेले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, टाकायचे: निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, रंगहीन अँटी-डी. मग उलटं. दात्याचं सीरम घ्यायचं आणि ठाऊक असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकायचं. पेशीवर प्रतिजन असेल आणि समोर त्याचा प्रतिपिंड आला, तर तालमीच्या लाल मातीवर पाणी शिंपडल्यावर व्हाव्यात तशा गुठळ्या नळीत दिसतात. नसेल तर पेशी अलगद पसरतात.

एवढं मोठं वाटणारं रक्तगटाचं प्रकरण मुळात एका साखरेचं आहे. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाचा ‘एच’ हा पाया जवळपास सगळ्यांकडे असतो. त्यावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी, दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या की एबी, आणि काहीच चढलं नाही की ओ. ए आणि बी यांच्या टोकांत फरक फक्त अणूंच्या एका लहान गटाचा. तेवढ्या फरकावर शरीर आपलं आणि परकं ठरवतं, आणि चुकीची पिशवी चढली तर काही मिनिटांत लाल पेशी फुटायला लागतात, मूत्रपिंडं धोक्यात येतात.

ज्यानं कधी रक्त घेतलं नाही त्याच्या सीरममध्ये हे प्रतिपिंड येतात कुठून? आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर तशाच साखरा असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्याचे स्वतःचे अँटी-ए, अँटी-बी नसतात. जिवाणूंची वस्ती झाली की पहिल्या काही महिन्यांत ते तयार होतात. म्हणून तान्ह्या बाळाचं उलट ग्रुपिंग करत नाहीत. ओ गटाच्या माणसाचं शरीर ए रक्ताला नाकारतं, ते त्या जिवाणूंकडून शिकलेल्या धड्यावर.

ओ आलेल्या नमुन्यावर मी थोडी जास्त थांबते. उलट ग्रुपिंगमध्ये त्याचं सीरम ओ पेशींशीही गुठळ्या करत असेल, तर तो कदाचित ओ नसेल. त्याच्याकडे एच हा पायाच नसेल तर ओ रक्तसुद्धा त्याला परकं आहे. हाच बॉम्बे रक्तगट. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो ओळखला आणि 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये जगासमोर मांडला. भारतात साधारण दहा हजारांत एक असा त्याचा आकडा सांगतात. आईवडील दोघांकडूनही तोच दोष असलेला जनुक आला तरच हा गट होतो, त्यामुळे नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत तो सापडण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात जुनी आहे. म्हणून इथं तरी उलट ग्रुपिंग टाळून कुणी ‘ओ’ लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

आज सगळे ओ खरे ओ निघाले.

सकाळी 10.40

स्त्रीरोग विभागातून मागणी आली. तिशीतली बाई, गर्भाशयात गाठी, महिनोन्‌महिने अंगावरून जास्त जातं, हीमोग्लोबिन 5. शस्त्रक्रियेआधी दोन पिशव्या हव्यात. गट बी पॉझिटिव्ह. आपल्याकडे बी काही दुर्मीळ नाही, शीतपेटीत भरपूर होतं.

मागणीपत्रात ‘यापूर्वी रक्त घेतलं आहे का’ ही जागा कोरी होती. ती वरचेवर कोरीच असते.

सकाळी 11.15

क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाचं सीरम आणि पिशवीतल्या पेशी नळीत एकत्र आणणं. शरीरात जे घडेल ते आधी काचेत घडवून बघायचं. पहिल्या टप्प्यात काहीच झालं नाही. मग 37 अंशांवर 15 मिनिटं ठेवून कूम्ब्स चाचणी केली. जेल कार्ड सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढलं तर पेशी तळाशी जाण्याऐवजी वरच अडकलेल्या, म्हणजे रक्त जुळलं नाही. दुसरी पिशवी, तीच गोष्ट. तिसरी जुळली. चौथी पुन्हा अडकली.

मुद्दाम एक कप्पा तिच्याच सीरमचा आणि तिच्याच पेशींचा ठेवला होता. तिथं पेशी व्यवस्थित तळाशी. म्हणजे तिचं शरीर स्वतःवर उलटलेलं नव्हतं. काही पिशव्यांत असं काहीतरी होतं जे तिच्यात नाही, आणि ते तिच्या शरीरानं आधी कधीतरी पाहिलेलं होतं.

वॉर्डातून डॉक्टरांचा फोन, पिशवी कधी मिळेल. मी म्हटलं, “सर, अँटिबॉडी आहे. रक्तस्राव आत्ता चालू नसेल तर मला तीन-चार तास द्या.” त्यांनी दिले. घाई करणारे डॉक्टर असतात तसे ऐकून घेणारेही असतात.

दुपारी 12

पहिल्या टप्प्यात न दिसलेली गोष्ट कूम्ब्समध्ये का दिसते, हे नव्या मुलांना समजावण्याचा मला कंटाळा येत नाही. जिवाणूंमुळे तयार झालेले अँटी-ए, अँटी-बी बहुतांशी आयजीएम जातीचे. त्यांच्या एका रेणूला पकडण्याच्या दहा जागा, त्यामुळे ते थेट पेशीला पेशी जोडतात. रक्त घेतल्यानंतर किंवा बाळंतपणात तयार होणारे प्रतिपिंड सहसा आयजीजी. त्यांना जागा दोनच, आणि लाल पेशी ऋण प्रभारामुळे एकमेकींपासून दूर राहतात. आयजीजी पेशीवर बसतात, पण दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचत नाहीत. नळीत काहीच दिसत नाही आणि शरीरात मात्र प्लीहा अशा खूण झालेल्या पेशी एकेक करून खाऊन टाकते.

1945 साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी मोरंट आणि रेस यांच्याबरोबर यावर तोड काढली. माणसाची प्रथिनं सशाला टोचली तर सशाच्या दृष्टीनं माणसाचा प्रतिपिंड हाच प्रतिजन ठरतो आणि ससा त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवतो. तो नळीत टाकला की पेशींवर बसलेले आयजीजी एकमेकांना जोडले जातात आणि लपलेलं उघड्यावर येतं. याच रेस यांचं नाव 1952च्या बॉम्बे गटाच्या निबंधावरही आहे. हा शोध लागण्याआधी जुळलेल्या गटाचं रक्त घेऊनही किती माणसं काविळीनं पिवळी पडली असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पण हा प्रतिपिंड तिच्या शरीरात तयार झाला कसा? आरएचसारखे प्रतिजन प्रथिनांचे असतात, साखरेचे नव्हेत, आणि त्यांच्या बाबतीत शरीर एकाच्या साक्षीवर निर्णय घेत नाही. परकी पेशी प्लीहेत गेली की तिथल्या पेशी तिला गिळतात, तिच्या प्रथिनाचे तुकडे करतात आणि एचएलए रेणूंवर मांडतात. मदतनीस टी पेशी ते तुकडे तपासते. अस्थिमज्जेत जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेनं जुळवून असंख्य बी पेशी (बी रक्तगटाच्या नव्हेत, प्रतिपिंड बनवणाऱ्या) आधीच तयार झालेल्या असतात, प्रत्येकीचा प्रतिपिंड निराळा. जनुकांची ही जुळणी दाखवून देणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना 1987चं नोबेल मिळालं. स्वतःलाच पकडणाऱ्या बहुतेक बी पेशी वाटेतच बाद होतात. उरलेल्यांपैकी एखादीला आलेला परका तुकडा नेमका बसतो. टी पेशीनं होकार दिला की ती बी पेशी वाढते, तिच्या लेकी अधिकाधिक घट्ट पकडीच्या होत जातात, आयजीजी बनवू लागतात. काही लेकी स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षं राहतात. ते तुकडे सगळ्यांचे एचएलए रेणू सारखेच मांडत नाहीत, म्हणून तीच पिशवी एकाला काही करत नाही आणि दुसऱ्यात प्रतिपिंड उभा करते.

दुपारी 1.30

डबा तसाच राहिला. ठाऊक प्रतिजनांच्या अकरा पेशींचं पॅनल लावलं. कुठल्या पेशींशी गुठळ्या झाल्या, कुठल्यांशी नाही, याचा तक्ता समोर ठेवून एकेक प्रतिजन खोडत जायचं. शेवटी एकच उरलं: आरएच गटातलं स्मॉल सी. तिच्या पेशी तपासल्या, त्यांच्यावर स्मॉल सी नाही. उत्तर जुळलं.

आरएच पॉझिटिव्ह म्हटलं की लोकांना वाटतं प्रश्न मिटला. ते पॉझिटिव्ह फक्त डी या एका प्रतिजनाचं. त्याच कुटुंबात मोठा सी, स्मॉल सी, मोठा ई, स्मॉल ई असे आणखी आहेत, आणि एकूण रक्तगटांच्या पद्धती चाळीसहून अधिक.

आता बी पॉझिटिव्ह पिशव्यांतून स्मॉल सी नसलेल्या हुडकायच्या. आपल्याकडे साधारण दहातल्या चारएक जणांत तो नसतो, म्हणजे काम कष्टाचं असलं तरी अशक्य नव्हतं.

दुपारी 2.45

तिचे वडील काउंटरवर आले. भुदरगड तालुक्यातले, पन्नाशीतले.

“मॅडम, कशाला हुडकत बसलाय? माझं काढा की. सख्खा बाप हाय मी. माझा गट बी बीच हाय. माझं न्हाई चालायचं तर कुणाचं चालायचं?”

“मामा, बसा जरा. लेकीला याआधी कधी रक्त दिलंय का?”

“पहिल्या बाळंतपणात दिल्यालं की एक बाटली. दुसऱ्या बाळाला कावीळ झाल्याली, काचेत ठेवल्यालं.”

“त्याचे कागद?”

“शिरोळ तालुक्यात दिलीया तिला. 2019च्या पुरात घरात पाणी शिरलं, सगळं गेलं.”

बाळाच्या काविळीची कारणं अनेक असतात, आणि ती याच प्रतिपिंडामुळे झाली असं आज कुणी म्हणू शकत नाही. पण आईचे आयजीजी वारेतून बाळाकडे जातात आणि बाळानं बापाकडून स्मॉल सी घेतलेला असेल तर त्याच्या पेशी फुटू शकतात. आई डी निगेटिव्ह असली की सगळे सावध असतात. ही डी पॉझिटिव्ह होती.

मामांच्या समाधानासाठी त्यांचाही नमुना घेतला. स्मॉल सी पॉझिटिव्ह. माणसाला बहुतेक जनुकांच्या दोन प्रती मिळतात. लेकीनं बापाकडून मोठ्या सीची प्रत घेतली होती, दुसरी घेतली नव्हती. म्हणून बापाचंच रक्त तिला नको होतं.

त्यांना हे पटवायला वेळ लागला. पुढचं आणखी कठीण होतं: स्मॉल सी नसता तरी मी वडिलांचं रक्त सहजासहजी दिलं नसतं. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या टी पेशी रुग्णाच्या शरीराला कधीकधी परक्या वाटत नाहीत, कारण एचएलए अर्धं सारखंच असतं. त्यांना कुणी हाकलत नाही, आणि त्याच टी पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर हल्ला करतात. क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा जीव जातो. म्हणून नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं तर आधी किरणोत्सर्ग देऊन त्या पेशी निकामी कराव्या लागतात.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग माझं दुसऱ्या कुणाला तरी चालंल न्हवं?”

चालणार होतं. हीमोग्लोबिन 13 भरलं, वजन चांगलं. पलीकडच्या खोलीत ते आडवे झाले.

दुपारी 4.20

दोन पिशव्या मिळाल्या, स्मॉल सी निगेटिव्ह. कूम्ब्सनं क्रॉसमॅच केलं, पेशी तळाशी. पिशवीवर चिठ्ठी लावली, नाव आणि नोंदणी क्रमांक मी आणि सहकारी अशा दोघींनी मोठ्यानं वाचून ताडून पाहिला, पहिली पिशवी वॉर्डात गेली.

संध्याकाळी 5.30

प्रसूती विभागातून एका डी निगेटिव्ह बाईचा नमुना. अप्रत्यक्ष कूम्ब्स निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत द्या, असं कळवलं. बाळाच्या पेशींची ओळख आईच्या शरीराला पटायच्या आत त्या काढून टाकण्याचं काम ते इंजेक्शन करतं. एकदा प्रतिपिंड तयार झाला की ते काही कामाचं नाही.

संध्याकाळी 7.15

चार्ज द्यायच्या आधी एक कार्ड लिहिलं: बी पॉझिटिव्ह, अँटी-स्मॉल सी आहे, स्मॉल सी नसलेलंच रक्त द्यावं. एक प्रत केसपेपरला, एक मामांच्या हातात, आणि त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर फोटो.

हा कागद एवढा महत्त्वाचा का, तर प्रतिपिंडांचं प्रमाण काही वर्षांत इतकं उतरू शकतं की आमच्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही. क्रॉसमॅच स्वच्छ जुळतं, पिशवी चढते, आणि स्मृतिपेशी काही दिवसांत पुन्हा तोच प्रतिपिंड भराभर बनवतात. पाचव्या-सातव्या दिवशी, रुग्ण घरी गेल्यावर, हीमोग्लोबिन उतरतं, डोळे पिवळे होतात, आणि आठवड्यापूर्वीच्या पिशवीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला पूर्वी रक्त चढवलं असेल, बाळंतपणानंतर बाळाला जास्त कावीळ झाली असेल, ‘अँटिबॉडी आहे’ असं कधी कुणी सांगितलं असेल, तर विचारलं नाही तरी डॉक्टरांना आणि रक्तपेढीला आपणहून सांगा. कार्ड मिळालं असेल तर त्याचा फोटो घरातल्या दोन-तीन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मागणीपत्रातली ती जागा कोरी राहू देऊ नका.