शिंपला, चुना आणि मोल

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 साली ज्याचे काम सुरू झाले, त्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतले होते ही हकीकत या किनाऱ्यावर पोरासोरांनाही मुखोद्गत असते. परंतु विद्यापीठाची पायरी चढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने शिशापेक्षा चुन्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण पाठ्यपुस्तकात उगाच दुर्बोध भासणारी मोल ही संकल्पना चुन्यात सहज उलगडते.

तिसऱ्या, कालवे यांचे शिंपले बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेटचे. त्याच्या एका मोलचे वस्तुमान, कॅल्शियमचे 40, कार्बनचे 12 आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे 48 मिळून, 100 ग्रॅम भरते. भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले असता त्यातून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो व 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो. ही घट पाहून जो गोंधळतो तो वायूला जमाखर्चात धरावयास विसरलेला असतो. (वायूलाही वजनाच्या हिशेबात घ्यावे लागते, हे जोसेफ ब्लॅकने 1756 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चुन्याच्याच साहाय्याने दाखविले.) पाणी शिंपडताच हा चुना फसफसून तापतो, 18 ग्रॅम पाणी सामावून 74 ग्रॅम होतो, आणि बांधकामात लिंपल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे शोषीत पुन्हा कार्बोनेट बनतो. किल्ल्यात शिवाजी महाराजांचे म्हणून दाखविले जाणारे हातापायांचे ठसे चुन्यात टिकले, ते याच क्रियेमुळे. अगदी कोरड्या हवेत मात्र ती जवळजवळ थांबते. म्हणून नवा गिलावा काही दिवस ओला ठेवण्याची गवंड्यांची रीत सर्वथा शास्त्रशुद्ध आहे.