समुद्रतळ मोजणारा ‘सोनार’

जळगाव म्हटले की सोन्याचा बाजार आठवतो आणि सोन्याबरोबर सोनार! पण आज ज्या ‘सोनार’ची ओळख करून घ्यायची आहे, तो दागिने घडवीत नाही, तो समुद्राची खोली मोजतो. ‘साउंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग’ या इंग्रजी नावाचे हे लघुरूप.

पूर्वी दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडीत. खोल समुद्रात एकाच जागेच्या मोजणीला तासन् तास लागत. प्रकाश वापरावा, तर तो काहीशे मीटरांतच विरून जातो. रेडिओलहरी तर खाऱ्या पाण्यात त्याहूनही लवकर संपतात. ध्वनी मात्र पाण्यात दूरवर जातो, आणि तोही सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने. हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक!

सातपुड्याच्या दरीत हाक मारली की ती समोरच्या कड्यावर आपटून परत येते. सोनारचे तत्त्व हेच. समजा, जहाजाने खाली सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी ४ सेकंदांनी आला. जाऊन-येऊन अंतर झाले १५०० × ४ = ६००० मीटर. म्हणून खोली त्याच्या निम्मी, ३००० मीटर.

गणित सोपे आहे, पण खरी मेख वेगात आहे. पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब यांप्रमाणे ध्वनीचा वेग बदलतो. तो १५०० ऐवजी १५२० असेल, तर वरील उत्तर ४० मीटरांनी चुकेल. म्हणून पाण्याचे हे गुणधर्मही मोजावेच लागतात.

दुसरी अडचण अशी, की एकच झोत जहाजाच्या वाटेखालची रेघ तेवढी मोजतो. दोन रेघांमध्ये एखादा डोंगर दडून राहू शकतो. २००५ साली ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकी पाणबुडी नकाशात न दाखविलेल्या अशाच डोंगरावर आदळली व एका खलाशाचा बळी गेला. यावर उपाय म्हणजे बहुझोती सोनार. तो पंख्यासारखे अनेक झोत एकदम सोडून रुंद पट्टा मोजतो. आपल्या ‘सागरकन्या’ जहाजावर असे यंत्र होते. १९९२ साली त्या जहाजाने अरबी समुद्रात बुडालेले पर्वत शोधले. त्यांना पणिक्कर आणि वाडिया या भारतीय शास्त्रज्ञांची नावे दिली आहेत. हे पर्वत ज्वालामुखीतून घडले. धुळे परिसरात शेतांमधून भिंतीसारख्या गेलेल्या काळ्या खडकांच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील; त्याही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्ह्याच्याच!

हे तंत्र समुद्रापुरतेच नाही. तापीवरील हतनूरसारख्या जलाशयांत नदी गाळ आणून टाकते. गाळ वाढला की पाण्याची जागा घटते. होडीला प्रतिध्वनिमापक लावून तळ मोजला आणि काही वर्षांनी पुन्हा मोजला, की किती गाळ साचला हे कळते. पाण्याचा हिशोब त्यावरच ठरतो.

जगातील समुद्रतळाचा सुमारे एकचतुर्थांश भागच आजवर अशा तपशिलाने मोजला गेला आहे. उरलेला तुमच्या पिढीची वाट पाहत आहे. तोवर एक उदाहरण सोडवा : जलाशयात प्रतिध्वनी ०.०२ सेकंदांनी आला, तर खोली किती?

(उत्तर : १५ मीटर)