मांडव गंगाखेडात, व्हिसा मुंबईत

विवाह हा दोन कुळांमधला संस्कार मानला जात असला, तरी वधू किंवा वर यांपैकी एकाचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असेल, तेव्हा त्या संस्कारात दोन सरकारेही सामील होतात. आणि त्यांना मुहूर्त किंवा मानपान यांच्याशी कर्तव्य नसून, हे लग्न कोणत्या कायद्याने लागले आणि लग्नानंतर हे जोडपे कोणत्या देशात राहणार, एवढ्याच दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याची आणि ठरावीक कारणासाठी ठरावीक मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी. गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या तालुक्याच्या गावी लग्नाची तारीख आणि मंगल कार्यालय आधी ठरते, कागदपत्रांची आठवण पाहुणे पांगल्यावर होते. जोडीदार परदेशी असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो, कारण लग्न कोठे आणि कोणत्या पद्धतीने लावले, यावरच पुढे कोणता व्हिसा खुला राहतो आणि कोणता बंद होतो हे ठरते.

लग्न गंगाखेडातच व्हावे असा घरच्यांचा आग्रह असेल, तर प्रथम कायदा निवडावा लागतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली विवाह व्हायचा तर दोन्ही पक्ष त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू असावे लागतात, आणि त्या अर्थात बौद्ध, जैन व शीखही येतात. एक पक्ष ख्रिस्ती असताना हिंदू पद्धतीने लावलेले लग्न या कायद्याखाली वैध ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात दिला आहे. मंगलाष्टके झाली, सप्तपदी झाली, अक्षता पडल्या, तरी परदेशी जोडीदार अन्य धर्माचा असेल तर केवळ त्या विधीच्या बळावर व्हिसा मागणे धोक्याचे असते. अशा जोडप्यांसाठी सरळ मार्ग आहे तो १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा. यालाच लोक ‘रजिस्टर लग्न’ म्हणतात. त्यात धर्माचा प्रश्न विचारला जात नाही. वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण असणे, दोघांपैकी कोणाचाही पती वा पत्नी हयात नसणे आणि दोघे निषिद्ध नात्यात नसणे, या त्याच्या मुख्य अटी आहेत.

या कायद्याचा खरा पेच त्याच्या दिवसांच्या हिशेबात आहे. विवाहाची लेखी नोटीस जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि नोटिशीपूर्वीचे सलग ३० दिवस दोघांपैकी किमान एकजण त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. गंगाखेडातच राहणाऱ्या मुलामुलीच्या बाबतीत ही अट आपोआप पूर्ण होते. पण जन्म गंगाखेडचा आणि नोकरी पुण्याची असेल, तर परभणी जिल्ह्यातील वास्तव्य दाखवावे लागते किंवा नोटीस पुण्यात द्यावी लागते. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, ३० दिवस आक्षेपांची वाट पाहिली जाते, आणि त्यानंतरच तीन साक्षीदारांसमोर विवाह लागतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत तो झाला नाही तर ती नोटीस रद्द होते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. आता परदेशी वधू महिन्याच्या १ तारखेला मुंबईत उतरली, रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने परभणीला आली आणि ३ तारखेला तिने नोटिशीवर सही केली, असे धरले, तर पुढच्या महिन्याच्या ३ तारखेच्या आत तिचे लग्न कायद्याने लागू शकत नाही. तिच्याकडे ३० दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा असेल तर तो त्यापूर्वीच संपलेला असतो. भारताकडे ‘वाग्दत्त जोडीदारा’साठी वेगळा व्हिसा नाही, बहुतेक जण पर्यटक व्हिसावरच येतात, आणि तो एक किंवा पाच वर्षांचा घेतला तरी एका वेळी सलग किती दिवस राहता येईल ही मर्यादा त्यावर असतेच, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कॅलेंडर समोर ठेवणे शहाणपणाचे.

आधी घरी थाटामाटात लग्न लावू आणि नोंदणी नंतर सावकाश करू, हा विचार सोयीचा वाटतो, पण परदेशी जोडीदाराच्या बाबतीत तो उलट महाग पडतो. विधिपूर्वक झालेल्या विवाहाची याच कायद्याखाली नंतर नोंदणी करता येते हे खरे. मात्र त्या वेळी अर्जापूर्वीचे ३० दिवस एकाने नव्हे, तर दोघांनीही त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते आणि आक्षेपांचे ३० दिवस पुढे वेगळे धरावे लागतात. म्हणजे साठ दिवसांचा मुक्काम. आधी नोटीस देऊन आणि महिनाभराने विवाह अधिकाऱ्यासमोर सही करून त्याच आठवड्यात घरी मांडव घातला, तर आजीची हौसही पुरते आणि कागदही पक्का होतो.

असा विवाह झाला आणि जोडपे भारतात राहणार असेल, तर परदेशी जोडीदाराला पर्यटक व्हिसाऐवजी प्रवेश व्हिसा मिळू शकतो. ‘एक्स’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या या वर्गातील एक्स-२ हा उपप्रकार भारतीय नागरिकाच्या पती-पत्नीसाठी आहे. एरवी पर्यटक व्हिसा भारतात राहून बदलून मिळत नाही. भारतीयाशी विवाह हा त्याला अपवाद आहे. बदल देण्यापूर्वी विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र पाहिले जाते, आणि दोघे खरोखर एकत्र राहतात का याची चौकशी होते. छोट्या गावात ही चौकशी शेजारीपाजारी आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचली तर नवल नाही. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारा अधिकारी जिल्ह्यात पोलीस अधीक्षकच असतो, त्यामुळे गंगाखेडच्या जोडप्याचे हे काम परभणीला जाते; अर्ज मात्र ऑनलाइन भरायचा असतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी, असा नियम आहे. परदेशी पाहुणा उतरवून घेणाऱ्यानेही २४ तासांत त्याची खबर द्यायची असते, आणि ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखला जाणारा हा कागद लॉजवाल्यांना पाठ असला, तरी सासरच्या घरी तो कोणाच्या गावी नसतो. १९४६चा परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५पासून त्याच्या जागी नवा कायदा आला आहे, त्यामुळे जुन्या ओळखीच्या एजंटाच्या तोंडी माहितीवर विसंबणे आता अधिकच जोखमीचे झाले आहे. एक्स-२ व्हिसा राहण्यासाठी असतो. नोकरी करायची तर परवानगीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो.

जोडपे अमेरिकेत संसार थाटणार असेल, तर निवडीला निराळीच धार येते. अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त वधू-वरासाठी के-१ हा व्हिसा आहे: अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असावेत, आणि अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करावे, या त्याच्या प्रमुख अटी. दुसरा मार्ग म्हणजे भारतात लग्न करून मग पती किंवा पत्नी म्हणून स्थलांतराचा व्हिसा मागणे. त्यात वेळ जातो, पण पोहोचताच कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर तो हक्क प्रथम दोन वर्षांपुरता, सशर्त असतो. या दोन मार्गांच्या मधोमध आपला साखरपुडा उभा असतो. वधूच्या गळ्यात हार, कपाळी कुंकू, नवी कोरी पैठणी, ओटी भरलेली, मागे दोनशे पाहुणे आणि पाटावर बसलेले दोघे, असे छायाचित्र के-१च्या मुलाखतीत पुढे ठेवले, तर समोरच्या अधिकाऱ्याला साखरपुडा आणि लग्न यांतला फरक दिसत नाही. आणि जोडपे आधीच विवाहित आहे असे त्याचे मत झाले, तर वाग्दत्ताचा व्हिसा नाकारला जातो. पती-पत्नीच्या व्हिसासाठी मात्र नेमका हाच अल्बम, लग्नपत्रिकेसह, नाते खरे असल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्यांच्या स्थलांतर व्हिसाच्या मुलाखती मुंबईच्या वाणिज्य दूतावासात, वांद्रे-कुर्ला संकुलात होतात, त्यामुळे गंगाखेडचा अल्बम शेवटी मुंबईच्या खिडकीपाशी उघडला जातो. जोडीदार अमेरिकेचा नागरिक नसून नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर वार्षिक कोट्याची रांग लागते. आणि तो एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेला मराठी अभियंताच असेल, तर पत्नीच्या वाट्याला एच-४ हा आश्रिताचा व्हिसा येतो, ज्यावर नोकरीची मुभा २०१५पासून काही मोजक्या वर्गालाच मिळते.

इतर देशांचे नियम आपापल्या चिंतांप्रमाणे घडले आहेत. ब्रिटनला पैशाची चिंता आहे: तेथील जोडीदाराचे किमान वार्षिक उत्पन्न एप्रिल २०२४पासून २९,००० पौंड मागितले जाते, पूर्वी ते १८,६०० होते. जर्मनीला भाषेची, तेथे जाणाऱ्या जोडीदाराला बहुतेक प्रकरणांत ए-१ पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते, आणि मराठी मुली त्यासाठी पुण्याचे मॅक्स म्युलर भवन गाठतात. ऑस्ट्रेलियात वाग्दत्तासाठी ३०० क्रमांकाचा व्हिसा आहे, कॅनडात तसा प्रकारच नाही.

देश कोणताही असो, गाडी अडते ती बहुधा नावावर. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एकाच पद्धतीने लिहिले जाते, पण रोमन लिपीत मराठी कारकून ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय लिहितो, हिंदी वळणाचा कारकून जी-वाय लिहितो, आणि आधार, पासपोर्ट व विवाह प्रमाणपत्र या तिन्हींवर तीन ज्ञानेश्वर जन्माला येतात. मग ‘एक आणि तीच व्यक्ती’ असल्याचे शपथपत्र करावे लागते. जुन्या पिढीत जन्माची नोंदच झालेली नसेल, तर नगरपरिषदेचे अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर भागवावे लागते. असे कागद परदेशी कार्यालयात चालावेत म्हणून राज्य शासनाच्या व नंतर परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्याची गरज पडते. या दुसऱ्या शिक्क्याला अपॉस्टील म्हणतात आणि तत्संबंधीचा हेगचा आंतरराष्ट्रीय करार भारतात २००५पासून लागू आहे.

भारतात राहणाऱ्या परदेशी जोडीदाराचा पुढचा टप्पा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा असतो. नोंदलेला विवाह अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर हे कार्ड मागता येते. आजन्म व्हिसा आणि पोलिसांकडील नोंदणीतून सुटका हे त्याचे मोठे लाभ. पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असलेल्यांना वा कधीकाळी होते त्यांना ते मिळत नाही, आणि घटस्फोट झाला तर विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते. याहून पुढे नागरिकत्व: भारतीयाशी विवाह आणि सात वर्षांचे सामान्य वास्तव्य यांच्या आधारे नोंदणीने ते मिळते, मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने जन्मदेशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी १९७६ साली भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, सांगली जिल्ह्यातील कासेगावला घर केले आणि १९८३ साली अमेरिकेचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले; २०२१ साली त्यांचे निधन झाले तेही कासेगावातच.

ओसीआयवर थांबणाऱ्या सुनेला मतदान करता येत नाही, आणि गंगाखेडच्या घरात त्याहून अधिक बोचणारी मर्यादा म्हणजे तिच्या नावावर शेतजमीन विकत घेता येत नाही. बँकेचे खाते, परभणीतला फ्लॅट, दुकानाचा गाळा यांना आडकाठी नसते; सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव खरेदीखताने चढत नाही, ते चढते तर वारसाहक्काच्या फेरफारानेच.