धावत्या मोटारसायकलवरील कॅमेरा

मनालीहून लेहकडे जाताना पांग मागे टाकले म्हणजे मोरेचे विस्तीर्ण पठार लागते. साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवरील ह्या पठारावर मोटारसायकलने जाणाऱ्या प्रवाशास दूरचे डोंगर अगदी स्वच्छ दिसतात. त्यांच्या करड्या-तांबूस छटाही तो न्याहाळू शकतो. मात्र हँडलला कॅमेरा बांधून घेतलेले चलच्चित्र तो मुक्कामावर पाहू लागला, की त्याच डोंगरांच्या कडा थरथरताना आणि रस्त्याकाठचे दगड क्षणात ताणलेले, क्षणात दबलेले दिसतात. डोळ्यास जे साधले ते यंत्रास का साधू नये?

प्रथम संशय वेगाचा येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे २८ सेंटिमीटर पुढे सरकते. तेवढा वेळ कॅमेऱ्यात प्रकाश येऊ दिला, तर जवळचा दगड फरफटलेला उमटणारच. परंतु पाच किलोमीटरांवरील डोंगराच्या दृष्टीने २८ सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे. तेव्हा खरा अपराधी निराळा आहे. एक सिलिंडराचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर त्यातील दट्ट्या सेकंदास ५० वेळा वरखाली होतो, आणि त्याचे धक्के सांगाड्यातून हँडलपर्यंत पोचतात. त्यांमुळे कॅमेऱ्याचा रोख अंशाच्या दहाव्या भागाने जरी ढळला, तरी पाच किलोमीटरांवर तो जवळजवळ नऊ मीटर ढळतो!

स्थिर छायाचित्रापुरता ह्यावर उपाय सोपा आहे. प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच घेतला, तर तेवढ्यात एका कंपाचा जेमतेम विसावा हिस्सा पुरा होतो. लडाखच्या लख्ख उन्हात हे सहज जमते. चलच्चित्राचे तसे नाही. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी सबंध दृश्य एकदम टिपीत नाही. ती ओळीमागून ओळ वाचीत जाते. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत कॅमेरा हललेला असतो, आणि सरळ रेघ नागमोडी होते. प्रकाशाचा काळ घटविल्याने ही विकृती जात नाही. उलट अधिकच रेखीव दिसते.

आता डोळ्याची गोष्ट. इंजिनाचे जलद कंप आसन, पाठीचा कणा आणि मान ह्यांतच बहुतांशी जिरतात. उरलेले संथ हेलकावे कानाच्या आतील तोल राखणारे इंद्रिय ओळखते आणि डोळा उलट दिशेस फिरवून दृष्टी स्थिर ठेवते. म्हणूनच शिरस्त्राणावर बसविलेला कॅमेरा हँडलवरच्यापेक्षा पुष्कळ शांत चित्र देतो. (तो बसविण्यासाठी शिरस्त्राणास भोके पाडणे हा मात्र शुद्ध अविचार होय.)

मोबाइल फोनमध्येही डोळ्याच्या ह्या युक्तीची नक्कल केलेली आढळते. हात हलल्याचे जायरोस्कोप ओळखतो आणि चुंबकीय बलावर तोललेले भिंग त्या हालचालीची भरपाई करते. पण ही नाजूक रचना हाताच्या कंपासाठी आहे, इंजिनाच्या नव्हे. अधिक शक्तीच्या मोटारसायकलींचे तीव्र कंप ती बिघडवू शकतात, अशी सूचना अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये दिली. आयफोन अशा वाहनांना बांधू नये, आणि स्कूटरवरही निदान कंप शोषणारी बैठक वापरावी, असा तिचा आशय होता.

भिंगाहून मोलाची वस्तू आहे ती चालविणाऱ्याचे लक्ष. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे दोनच सेकंद पाहिले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. फ्रान्समधील सुप्रसिद्ध सायकल शर्यतीत, टूर द फ्रान्समध्ये, दूरचित्रवाणीसाठी चित्रण करणाऱ्या मोटारसायकलींवर म्हणूनच दोघे असतात. चालविणारा केवळ चालवितो. चित्रण करणारा मागे बसून, प्रसंगी पावदानांवर उभा राहून, गुडघे किंचित वाकवून रस्त्याचे धक्के पायांत जिरवितो, आणि त्याने टिपलेले दृश्य वर घिरट्या घालणाऱ्या विमानांमार्फत शर्यतीच्या अंतिम रेषेपाशी पोचते.